लुई ब्रेल

लुई ब्रेल (जन्म : कुप्व्रे, फ्रान्स, ४ जानेवारी १८०९, मृत्यू : पॅरिस, ६ जानेवारी १८५२) हे फ्रेंच शिक्षक, संगीतकार आणि अंधांसाठीच्या सहा बिंदूंच्या स्पर्शलिपीचे जनक होते. बालपणी झालेल्या अपघातामुळे वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. पॅरिसच्या अंधशाळेत शिकत असताना, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी आपल्या लिपीचा मूळ आराखडा सिद्ध केला आणि १८२९ साली तो प्रसिद्ध केला. ही लिपी आज त्यांच्याच नावाने ‘ब्रेल लिपी’ म्हणून ओळखली जाते. मराठीसह जगातील बहुतेक प्रमुख भाषांसाठी ती वापरली जाते.

ब्रेल यांच्या आधीही अंधांसाठी उठावाच्या अक्षरांची पुस्तके छापली जात होती. ती अंधांना सावकाश वाचता येत. परंतु त्या अक्षरांत स्वतः लिहिणे त्यांना जवळजवळ अशक्य होते. ब्रेल यांच्या लिपीने वाचन आणि लेखन या दोन्ही गोष्टी अंध व्यक्तीच्या स्वतःच्या हाती दिल्या. पुढे त्यांनी अंध आणि डोळस यांच्यातील पत्रव्यवहारासाठीही एक वेगळी पद्धत तयार केली. या दोन्ही कामांमुळे अपंग व्यक्तींच्या संवादासाठीच्या साहाय्यक साधनांच्या इतिहासात त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

## बालपण आणि अपघात

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील कुप्व्रे या खेड्यात ब्रेल यांचा जन्म झाला. वडील सिमों-रने ब्रेल हे खोगीर, लगाम आणि घोड्यांचा इतर साज तयार करणारे कारागीर होते. आईचे नाव मोनिक होते. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटे होते.

घरालगतच वडिलांची कामाची खोली होती. १८१२ साली, तीन वर्षांचे असताना, लुई तेथे चामड्याच्या तुकड्याशी खेळत होते. वडिलांप्रमाणे चामड्याला भोक पाडण्याच्या प्रयत्नात हातातील टोकदार हत्यार निसटले आणि त्यांच्या एका डोळ्याला गंभीर जखम झाली. हे हत्यार चामडे टोचण्याची आरी होती, असे बहुतेक चरित्रकार लिहितात. जंतुसंसर्गावर परिणामकारक औषध त्या काळी उपलब्ध नव्हते. जखम चिघळली, दाह दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि हळूहळू दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली.

## गावातील शिक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील गरीब घरच्या अंध मुलाच्या वाट्याला बहुधा भीक मागणे किंवा घरात बसून राहणे येत असे. ब्रेल कुटुंबाने मुलाला असे बाजूला ठेवले नाही. वडिलांनी त्यांना काठ्या करून दिल्या व तिच्या आधाराने ते गावात फिरू लागले. वडिलांनी लाकडावर खिळे ठोकून अक्षरांचे आकार तयार केले आणि बोटांनी चाचपून ते आकार ओळखण्यास मुलाला शिकवले, असेही सांगितले जाते.

गावचे धर्मगुरू झाक पालुई यांनी लुई यांना प्राथमिक धडे दिले. त्यांच्या शब्दावरून शाळामास्तर आंत्वान बेशरे यांनी या अंध मुलाला डोळस मुलांबरोबर वर्गात बसू दिले. लुई ऐकून शिकत व त्यांची स्मरणशक्ती उत्तम होती. मात्र इतर मुले पुस्तक उघडत किंवा पाटीवर लिहू लागत, तेव्हा त्यांना नुसते बसून राहावे लागे. पुढील शिक्षणासाठी पालुई यांनी गावच्या सरदार घराण्यातील मार्की दॉर्व्हिलिये यांची मदत घेतली. त्यांच्या प्रयत्नांनी पॅरिसच्या शाळेत शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला.

## पॅरिसची अंधशाळा

१५ फेब्रुवारी १८१९ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, ब्रेल पॅरिसमधील राजकीय अंध बालक संस्थेत दाखल झाले. ही शाळा व्हॅलेंतिन आउई यांनी १७८० च्या दशकात सुरू केली होती व अंध मुलांसाठीची ती जगातील पहिली शाळा मानली जाते. ब्रेल यांच्या काळात ती एका जुन्या धार्मिक विद्यालयाच्या ओलसर, कोंदट इमारतीत भरत असे. विद्यार्थ्यांचे आरोग्य तेथे वारंवार बिघडे. ब्रेल यांना पुढे झालेल्या क्षयरोगाचे एक कारण ही इमारत असावी, असे मानले जाते.

शाळेत सामान्य विषयांबरोबर संगीत आणि हातमागासारखी हस्तकौशल्ये शिकवली जात. वाचनासाठी आउई यांनी तयार केलेली पुस्तके होती. ओल्या जाड कागदावर मोठी रोमन अक्षरे दाबून उठाव आणला जाई. अक्षर बोटाने ओळखता यावे म्हणून ते मोठे ठेवावे लागे. त्यामुळे थोडासा मजकूर अनेक पाने व्यापी. पुस्तके जड व महाग होत आणि म्हणून त्यांची संख्याही अल्प होती. एकेका अक्षराची कड बोटाने फिरून तपासावी लागत असल्याने वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरण्याचा प्रसंग येई. शिवाय ही अक्षरे छापखान्यातच तयार होत. विद्यार्थ्याला टिपण काढायचे असेल किंवा घरी पत्र पाठवायचे असेल, तर दुसऱ्या कोणाचा तरी हात लागे.

१८२१ साली अलेक्झांद्र-रने पिन्ये शाळेचे संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत वातावरण तुलनेने मोकळे झाले व नव्या प्रयोगांना वाव मिळाला. गाब्रिएल गोतिये आणि हिप्पोलीत कोल्ता हे ब्रेल यांचे शाळेतील निकटचे मित्र होते. ही मैत्री आयुष्यभर टिकली.

## बार्बिये यांची पद्धत

१८२१ साली शार्ल बार्बिये या निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याने तयार केलेली बिंदूंची लेखनपद्धत या शाळेत आली. त्यांनी ती सैनिकांना रात्री उजेडाशिवाय निरोप वाचता यावेत म्हणून शोधली, अशी कथा प्रचलित आहे. बार्बिये यांच्या लेखनावरून मात्र ज्यांना नेहमीचे शिक्षण घेणे शक्य नाही अशा सर्वांसाठी, अंधांसह, लेखनाची सोपी रीत शोधणे हा त्यांचा हेतू असल्याचे दिसते.

या पद्धतीत प्रत्येकी सहा बिंदूंच्या दोन उभ्या रांगा, म्हणजे जास्तीत जास्त १२ बिंदू वापरले जात. बिंदूंची संख्या एका तक्त्यातील ओळ आणि स्तंभ दर्शवी व त्यावरून ध्वनी ओळखला जाई. टोकदार लेखणीने कागदावर बिंदू टोचण्यासाठी बार्बिये यांनी खाचा असलेली पट्टीही तयार केली होती. बोटाला सलग रेषेपेक्षा सुटा बिंदू अधिक सहज कळतो, ही गोष्ट या पद्धतीमुळे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आली.

तिच्यात दोषही होते. १२ बिंदूंचा उंच गट बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नसे. बोट वर-खाली फिरवावे लागे. पद्धत केवळ उच्चारावर आधारलेली असल्याने शब्दांचे शुद्धलेखन तीतून समजत नसे. विरामचिन्हे, अंक आणि संगीत यांची सोय नव्हती. अशा लिपीवर वाढलेला अंध मनुष्य निरोप वाचू शकला असता. परंतु डोळस लोकांच्या ग्रंथांतील भाषा जशी लिहिली जाते तशी त्याला कधी कळली नसती.

## सहा बिंदूंची लिपी

बार्बिये यांची पद्धत समजली तेव्हा ब्रेल १२ वर्षांचे होते. पुढील तीन वर्षे त्यांनी शाळेतील फावल्या वेळात आणि सुट्टीत कुप्व्रेला घरी असताना तिच्यात सुधारणा करण्याचे प्रयोग केले. १८२४ पर्यंत त्यांच्या लिपीची मुख्य रचना तयार झाली होती.

ब्रेल यांनी दोन मूलभूत बदल केले. पहिला बदल आकाराचा होता. १२ ऐवजी सहा बिंदू, म्हणजे प्रत्येकी तीन बिंदूंच्या दोन उभ्या रांगा, त्यांनी घेतल्या. हे लहानसे घर बोटाच्या टोकाखाली एकाच स्पर्शात संपूर्ण येते. दुसरा बदल तत्त्वाचा होता. बिंदूंचा गट ध्वनीऐवजी वर्णमालेतील अक्षर दर्शवू लागला. त्यामुळे डोळस वाचक जे शुद्धलेखन पाहतो तेच अंध वाचकाला मिळू लागले.

डाव्या रांगेतील बिंदूंना वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेतील बिंदूंना ४, ५, ६ असे क्रमांक देतात. प्रत्येक जागी बिंदू असतो किंवा नसतो. त्यामुळे कोऱ्या घरासह एकूण ६४ आणि ते वगळता ६३ आकृत्या तयार होतात. रोमन वर्णमालेची पहिली दहा अक्षरे केवळ वरच्या चार बिंदूंतून तयार केली आहेत. पुढील दहा अक्षरे त्याच आकृत्यांना बिंदू ३ जोडून होतात आणि त्यापुढील अक्षरे ३ व ६ हे दोन्ही बिंदू जोडून. म्हणजे दहा आकृत्या पाठ केल्या की उरलेली वर्णमाला नियमाने येते. पहिल्या दहा अक्षरांपूर्वी अंकचिन्ह ठेवले की तीच अक्षरे अंक होतात. डब्ल्यू हे अक्षर त्या काळच्या फ्रेंच वर्णमालेत धरले जात नसे. ते नंतर समाविष्ट झाल्याने त्याची आकृती या क्रमात बसत नाही.

लेखनासाठी ब्रेल यांनी बार्बिये यांचीच साधने सुधारून घेतली. पाटीवर कागद अडकवून त्यावर लहान खिडक्यांची पट्टी ठेवतात आणि प्रत्येक खिडकीत टोकदार लेखणीने बिंदू टोचतात. उठाव कागदाच्या मागील बाजूस येतो. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे, आकृती उलटी करून लिहावे लागते आणि कागद उलटल्यावर ती डावीकडून उजवीकडे वाचता येते. ही पाटी आणि टोचणी अंधशाळांतून आजही वापरात आहे. तिला वीज लागत नाही आणि ती दप्तरात मावते.

१८२९ साली शब्द, संगीत आणि चर्चमधील गायन बिंदूंच्या साहाय्याने लिहिण्याची ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बार्बिये यांच्या पद्धतीचे ऋण ब्रेल यांनी त्यात मान्य केले. पहिल्या आवृत्तीत बिंदूंबरोबर काही आडव्या रेघाही होत्या. त्या टोचण्यास अवघड असल्याचे अनुभवाला आल्यावर १८३७ च्या सुधारित आवृत्तीत त्या काढून टाकण्यात आल्या. त्याच वर्षी शाळेने फ्रान्सच्या इतिहासावरील एक पुस्तक या लिपीत छापले. ते ब्रेल लिपीतील पहिले छापील पुस्तक मानले जाते.

## अध्यापन आणि संगीत

शिक्षण पूर्ण झाल्यावर ब्रेल त्याच संस्थेत १८२८ साली साहाय्यक शिक्षक आणि १८३३ साली पूर्ण शिक्षक झाले. व्याकरण, इतिहास, भूमिती आणि बीजगणित हे विषय त्यांनी शिकवले.

ते कुशल ऑर्गनवादक व चेलोवादक होते. पॅरिसमधील सँ-निकोला-दे-शाँ आणि नंतर सँ-व्हँसाँ-द-पोल या चर्चमध्ये त्यांनी ऑर्गनवादक म्हणून काम केले. वादन हे त्या काळी अंधांना उपलब्ध असलेल्या थोड्या प्रतिष्ठित व्यवसायांपैकी एक होते. परंतु स्वरलेखन वाचता येत नसल्याने प्रत्येक रचना दुसऱ्याकडून ऐकून पाठ करावी लागे. ब्रेल यांनी आरंभापासूनच आपल्या सहा बिंदूंत संगीतलेखनाची व्यवस्था केली. शाळेतील विद्यार्थ्यांमध्ये लिपी रुजण्यास या संगीतलेखनाचाही मोठा हातभार लागला.

## दशबिंदू पद्धत आणि लेखनयंत्र

ब्रेल लिपीमुळे अंध व्यक्ती परस्परांना पत्रे लिहू शकत होत्या. पण घरच्या डोळस माणसांना ती लिपी येत नव्हती. विद्यार्थ्याच्या आईवडिलांना पाठवायचे पत्र अजूनही लेखनिकाकडून लिहून घ्यावे लागे आणि खासगी गोष्ट तिसऱ्याच्या कानावर जाई. ही अडचण दूर करण्यासाठी ब्रेल यांनी १८३९ साली आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिला दशबिंदू पद्धत म्हणता येईल.

या पद्धतीत नेहमीचे रोमन अक्षरच लहान बिंदूंनी रेखाटले जाते. अक्षराची उंची दहा बिंदूंची असते. प्रत्येक अक्षरासाठी कोणत्या उभ्या ओळीत कितव्या जागी बिंदू टोचायचे याचा अंकांचा तक्ता ब्रेल यांनी तयार केला. अंध लेखक तो पाठ करून जाळीदार पट्टीच्या आधाराने अक्षर टोचत असे. डोळस व्यक्ती तेच अक्षर डोळ्यांनी वाचत असे आणि अंध व्यक्ती बोटांनी. नकाशे, भूमितीच्या आकृत्या व संगीताची चिन्हे यांसाठीही ही रीत उपयोगी होती.

तिचा दोष म्हणजे संथपणा. एका अक्षरासाठी अनेक बिंदू एकेक करून टोचावे लागत. यावर त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी व स्वतः अंध असलेले यंत्रकुशल पिएर फूको यांनी उपाय शोधला. १८४१ साली त्यांनी दहा दट्ट्यांचे यंत्र तयार केले. एका उभ्या ओळीतील हवे ते बिंदू एकाच वेळी दाबून उमटवता येत आणि मग यंत्र पुढील ओळीकडे सरके. फूको यांनी या यंत्रात पुढे सुधारणा केल्या व १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनात त्यांचे लेखनयंत्र मांडले गेले. टंकलेखन यंत्र व्यापारात येण्याच्या कित्येक वर्षे आधीचे हे यंत्र दोन अंध व्यक्तींच्या कल्पनेतून आणि गरजेतून निर्माण झाले होते. उभ्या ओळीतील बिंदू उमटवत अक्षर घडवण्याची त्याची रीत विसाव्या शतकातील डॉट मॅट्रिक्स प्रिंटरशी मिळतीजुळती आहे.

## लिपीला विरोध

विद्यार्थ्यांनी सहा बिंदूंची लिपी लगेच आत्मसात केली, पण संस्थेने तिला अनेक वर्षे अधिकृत मान्यता दिली नाही. विरोध करणारे बहुतेक डोळस शिक्षक व अधिकारी होते. त्यांचा आक्षेप असा होता की, डोळसांना न कळणारी लिपी शिकवली तर अंध मुले समाजापासून अधिकच वेगळी पडतील. उठावाची पुस्तके छापण्यासाठी पूर्वी झालेला खर्च हेही एक कारण होते. अंध वाचकाच्या बोटाला काय सोयीचे, यापेक्षा डोळस शिक्षकाच्या डोळ्यांना काय ओळखीचे, हा निकष त्यामागे होता.

१८४० साली पिन्ये यांना पद सोडावे लागले व पिएर-आर्माँ दुफो संचालक झाले. त्यांनी ब्रिटनमध्ये वापरात असलेल्या रोमन अक्षरांच्या उठावाच्या छपाईला प्राधान्य दिले आणि ब्रेल लिपीचा वापर थांबवला. जुनी पुस्तके या काळात जाळण्यात आली, असे ब्रेल यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. विद्यार्थी मात्र लपूनछपून याच लिपीत टिपणे काढत व एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत राहिले.

उपसंचालक जोझेफ गादे यांना विद्यार्थ्यांची प्रगती पाहून या लिपीचे महत्त्व पटले आणि त्यांनी दुफो यांचे मन वळवले. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटन समारंभात गादे यांनी जमलेल्या पाहुण्यांसमोर लिपीची माहिती दिली व विद्यार्थ्यांकडून तिचे प्रात्यक्षिक करवून घेतले. या प्रसंगापासून संस्थेत लिपीचा वापर उघडपणे सुरू झाला.

## आजार आणि मृत्यू

वयाच्या पंचविशीच्या सुमारास ब्रेल यांच्यात क्षयरोगाची लक्षणे दिसू लागली. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. प्रकृती बिघडली की ते कुप्व्रेला विश्रांतीसाठी जात व बरे वाटताच शाळेत परतत. अखेरच्या वर्षांत त्यांना अध्यापनही कमी करावे लागले. डिसेंबर १८५१ मध्ये त्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या व ते अंथरुणाला खिळले. ६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ वा वाढदिवस होऊन दोन दिवसांनी, संस्थेच्या रुग्णकक्षात त्यांचे निधन झाले. कुप्व्रे येथील दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

ब्रेल अविवाहित होते. कोल्ता यांनी लिहिलेल्या आठवणींत त्यांच्या उदारपणाची एक हकिकत आहे. आपल्या मृत्यूनंतर एक लहान पेटी न उघडता जाळून टाकावी, असे ब्रेल यांनी सांगून ठेवले होते. ती उघडली तेव्हा तीत विद्यार्थ्यांना उसने दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या. कर्जदारांना त्या कर्जातून मोकळे करण्याची त्यांची इच्छा होती.

## लिपीचा प्रसार

ब्रेल यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८५४ साली, त्यांच्या संस्थेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली. इंग्लंडमध्ये थॉमस आर्मिटेज यांनी १८६८ साली स्थापन केलेल्या संस्थेने तिचा पुरस्कार केला. १८७८ साली पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने अंधांच्या शिक्षणासाठी या लिपीची शिफारस केली. अमेरिकेत मात्र एकाच वेळी अनेक बिंदुलिप्या प्रचारात होत्या व त्यांच्यातील वाद दीर्घकाळ चालला. इंग्रजी ब्रेलचे एक सामाईक रूप १९३२ साली ठरले.

लेखनाचा वेग वाढवणारी यंत्रेही आली. अमेरिकेतील फ्रँक हॉल यांनी १८९२ साली सहा कळींचे ब्रेल लेखनयंत्र तयार केले. प्रत्येक बिंदूला एक कळ असून अक्षराच्या सर्व कळी एकदम दाबायच्या, ही त्याची रीत १९५१ पासून तयार होऊ लागलेल्या पर्किन्स ब्रेलर या यंत्रातही कायम राहिली.

## भारतात आणि मराठीत

भारतात अंधांच्या शाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाल्या. पहिली शाळा १८८७ साली अमृतसर येथे निघाली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. दादर येथील अंध मुलींची शाळा ही तिचेच आजचे रूप आहे. अहमदनगर जिल्हा हे या मिशनचे जुने व मोठे कार्यक्षेत्र होते.

आरंभी भारतीय भाषांसाठी प्रांतोप्रांती वेगवेगळ्या ब्रेल पद्धती तयार झाल्या. त्यामुळे एका प्रांतात छापलेले पुस्तक दुसऱ्या प्रांतातील अंध वाचकाला वाचता येत नसे. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९४९ साली हा प्रश्न युनेस्कोपुढे मांडला. न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेंझी यांनी, जे स्वतः पहिल्या महायुद्धात अंध झाले होते, या कामात महत्त्वाचा भाग घेतला. विचारविनिमयानंतर १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धत ठरवण्यात आली. त्याच वर्षी डेहराडून येथे केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघाची (नॅब) स्थापना झाली.

भारती ब्रेलमध्ये शक्य तेथे समान उच्चाराच्या रोमन अक्षराचीच आकृती घेतली आहे. मराठी ‘क’ साठी बिंदू १ व ३, ‘म’ साठी १, ३ व ४, ‘ल’ साठी १, २ व ३ अशा ब्रेल यांच्या मूळ आकृत्या वापरतात. ज्या वर्णांना रोमन लिपीत स्वतंत्र अक्षर नाही, त्यांना उरलेल्या आकृत्या दिल्या आहेत; उदाहरणार्थ, ‘ळ’ साठी ४, ५ व ६, ‘ख’ साठी ४ व ६ आणि ‘भ’ साठी ४ व ५.

देवनागरीतील शिरोरेषा, काना, मात्रा व वेलांट्या ब्रेलमध्ये नसतात. स्वराचे चिन्ह व्यंजनानंतर स्वतंत्र घरात येते. छापील मजकुरात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतात. ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतरच असते. ‘मराठी’ हा शब्द म, र, आ, ठ, ई अशा पाच घरांत लिहिला जातो. जोडाक्षरासाठी पहिल्या व्यंजनापूर्वी बिंदू ४ ठेवतात व त्यावरून ते व्यंजन अर्धे असल्याचे कळते. ऱ्हस्व-दीर्घ, तसेच श आणि ष यांतील भेद या लिपीत स्पष्ट राहतो.

## संगणकयुगातील उपयोग

बिंदू आहे किंवा नाही, अशा दोनच स्थितींवर आधारलेली ब्रेल लिपी संगणकाच्या द्विमान पद्धतीशी सहज जुळते. १९९९ साली युनिकोडमध्ये ब्रेल आकृत्यांचा समावेश झाला. संगणकासाठी सहाच्या खाली आणखी दोन बिंदू जोडून आठ बिंदूंचे घर वापरतात. त्यामुळे एकूण २५६ आकृत्या मिळतात.

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर बोटांनी वाचण्यासाठी ब्रेल पटल हे उपकरण वापरले जाते. त्यात बारीक टाचण्यांची घरे एका ओळीत असतात. विद्युतदाब मिळताच विशिष्ट स्फटिकाच्या पट्ट्या वाकतात, त्यांच्यावरील टाचण्या वर येतात आणि अक्षराची आकृती तयार होते. ओळ वाचून झाली की त्याच जागी पुढील ओळ उमटते. संगणकावरील मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करणाऱ्या एका मुक्त प्रणालीला लुई ब्रेल यांच्या नावावरून ‘लिबलुई’ असे नाव दिले आहे. तिच्यात मराठीसाठीही नियमतक्ता आहे. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर तिचा वापर करते. स्मार्टफोनच्या सपाट पडद्यावरही सहा बोटांनी ब्रेल पद्धतीने टंकलेखन करता येते.

मजकूर बोलून दाखवणारी साधने स्वस्त व सुलभ झाल्याने ब्रेलची गरज उरली आहे का, असा प्रश्न विचारला जातो. ब्रेल पटलाची मोठी किंमतही त्याच्या प्रसारातील अडथळा आहे. मात्र ऐकण्यातून शब्दाचा उच्चार कळतो, त्याचे लेखन कळत नाही. बार्बिये यांच्या ध्वनिलिपीत ब्रेल यांना हीच उणीव दिसली होती. गणित, संगीतलेखन आणि शुद्धलेखन यांसाठी स्पर्शाने वाचण्याचे महत्त्व टिकून आहे. दृष्टी आणि श्रवण या दोन्ही क्षमता नसलेल्या अनेक व्यक्तींना संगणक वापरण्यासाठी व इतरांशी दूरवरून संवाद साधण्यासाठी ब्रेल पटल हाच मुख्य मार्ग आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात संवादाची जी साधने गणली आहेत, त्यांत ब्रेल लिपीचा समावेश आहे.

## स्मृती आणि सन्मान

- कुप्व्रे येथील ब्रेल यांच्या जन्मघराचे संग्रहालयात रूपांतर करण्यात आले आहे.
- १९५२ साली, मृत्यूच्या शताब्दीनिमित्त, त्यांचे अवशेष राष्ट्रपुरुषांच्या स्मारकात, पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, हलवण्यात आले. त्यांच्या हातांचे अवशेष मात्र जन्मगावीच जतन केले आहेत. या शताब्दीच्या कार्यक्रमांत हेलन केलर यांनी पॅरिसमध्ये भाषण केले होते.
- २००९ साली, द्विजन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ दोन रुपयांचे नाणे काढले.
- ४ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस २०१९ पासून संयुक्त राष्ट्रांतर्फे जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.
- ९९६९ क्रमांकाच्या लघुग्रहाला ब्रेल यांचे नाव देण्यात आले आहे.